मागच्या गल्लीत उघडणारी नळी

पाणी तापलं की फुगतं. माझ्या धंद्याचं सगळं शास्त्र एवढ्यात येतं. चुलीवरच्या पातेल्यात ते फुगलं तर कुणाचं लक्षही जात नाही, कारण वर मोकळी जागा असते. गिझरच्या टाकीला मात्र चारी बाजूंनी पत्रा. आतलं पाणी तापतं, फुगतं आणि वाट शोधायला लागतं. मागं फिरता येत नाही, कारण आत येणाऱ्या पाइपला एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल असतो. तोटी बंद असेल तर पुढंही जाता येत नाही. म्हणून टाकीला एक छोटा सेफ्टी व्हॉल दिलेला असतो. दाब वाढला की तो उघडतो, थोडे थेंब बाहेर टाकतो आणि परत मिटतो. त्या थेंबांसाठी एक बारीक नळी भिंतीतून बाहेर काढतात.

लोक त्या नळीला गळती म्हणतात. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, हे गिझरचं नाक आहे. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण माणसाला लागू पडते. गिझरला तोंड नसतं. तो फुटतो.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी देवणीहून इथं आलो. कचेऱ्या उघडत होत्या, क्वार्टर बांधून होत होते आणि लोखंडी पाइपाला आटे पाडणारा माणूस कुठंही खपत होता. बदलून आलेल्या साहेब लोकांच्या सामानात गिझर असायचे. आमच्याकडं तोवर पाणी तापायचं ते तपेल्यात, नाहीतर बंबात. पहिला गिझर मी भीत भीत उघडला, आणि मग तोच माझा धंदा झाला. मधली काही वर्षं नांदेडला काढली, मुखेड-उमरीपर्यंत एसटीनं पिशवी घेऊन फिरलो, आणि शेवटी परत लातूरला टेकलो.

उमरीच्या एका गृहस्थांची आठवण अजून हसवते. त्यांना लग्नात सासरकडून गिझर मिळाला होता. न्हाणीघराची भिंत मातीची, तिला तो पेलेना. मग त्यांनी तो बैठकीतल्या एकुलत्या एक पक्क्या भिंतीवर टांगला. ना पाणी, ना वीज. आल्यागेल्याला दिसावा एवढाच हेतू. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं. एकदा मला निरोप पाठवून ‘सर्व्हिसिंग’ला बोलावलं. मी फडक्यानं पुसला, चहा घेतला आणि निघालो. कधीही न गळलेला गिझर मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला.

पण सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली.

पाऊस लागोपाठ हुकला होता. पाणीच नाही तर गिझर कोण लावणार, आता याचं काम बसणार, असं माझ्या घरी सगळ्यांना वाटत होतं. झालं उलटं. बोअर जसजसे खोल गेले तसतसं पाणी जड होत गेलं. कॉइलवर क्षाराचा थर इतका जाड बसायचा की आत भाकरी थापल्यासारखी दिसायची. सेफ्टी व्हॉलच्या बैठकीवर, म्हणजे तो जिथं टेकून मिटतो तिथं, क्षाराचा खडा अडकला की तो पुरता मिटत नाही आणि थेंब थांबत नाहीत. त्यात घरोघरी टँकरचं पाणी हौदात घेऊन पंपानं ओढणं सुरू झालेलं. पंपाचा दाब जास्त, व्हॉल आणखी गळणार. ज्या वर्षी थेंबाथेंबाला किंमत आली, त्याच वर्षी गावातले सगळे गिझर गळायला लागले.

असाच एका सकाळी महानंदाताईंचा फोन आला. “काका, गिझर लई गळायलाय. अप्पा सकाळपासून बोलायलेत. येऊन जावा.”

महानंदाताई म्हणजे विश्वनाथअप्पांच्या सूनबाई. अप्पांची जुन्या गावात अडत होती. आता दुकान मुलगा बघायचा आणि अप्पा घरी असायचे. शिवभक्त माणूस. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, मगच चहा. कंजूष म्हणता येणार नाही. पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. पण दुष्काळ पडल्यापासून हौदाचं झाकण स्वतः उघडून काठीनं पाणी मोजायचे. घरात कुणी किती बादल्या घेतल्या ते त्यांना ठाऊक असायचं. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, अंघोळीचं पाणी संडासात. स्वतःही अर्ध्या बादलीत अंघोळ करायचे, हे सांगायलाच हवं.

मी गेलो. न्हाणीघरातला गिझर मागच्या भिंतीला होता. नळी भिंतीतून बाहेर गेली होती.

“मिस्त्री, हे थेंब कुठं जायलेत?” अप्पांनी विचारलं.

“बघून येतो अप्पा.”

मागच्या गल्लीत जायला अख्खी ओळ वळसा घालून जावं लागतं. या घरातलं कुणी तिकडं कधी जात नसे. गल्ली कसली, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरायचं. तिथं अप्पांच्या घराच्या पाठीला पाठ लावून एक पत्र्याची खोली होती. नळी त्या खोलीच्या दाराशेजारीच निघाली होती. नळीच्या तोंडाला पांढऱ्या धुतलेल्या फडक्याची चिंधी बांधलेली, आणि थेंब चिंधीवरून खाली ठेवलेल्या तेलाच्या डब्यात अलगद उतरत होते. एक थेंबही वाया जात नव्हता.

दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. माझ्या हातातली पिशवी, हत्यारं बघून तिनं काय ते ओळखलं.

“बंद करने कू आये क्या, मिस्त्री?”

मी म्हटलं, “बघायला आलोय.”

“बेटी आयी है जचकी कू. लडका हुआ.” तिनं आतल्या अंधाराकडं बोट केलं. “सुबू सुबू पानी गरम आता ना इसमें. बच्चे कू नहलाती मैं. टँकरवाला हमारी गल्ली में आताच नै.”

तिचं नाव हलीमाबी. दुसऱ्यांच्या घरी गोधड्या शिवायची. मी डब्यात बोट घातलं. पाणी खरंच कोमट होतं.

माझी आई देवणीला विहिरीच्या काठाखाली घागर धरून उभी राहायची. वरून कुणी ओतलं तर पाणी मिळायचं. आपल्या हातानं काढायची आम्हाला मुभा नव्हती. पुढं सगळं बदललं. मी तर लोकांच्या न्हाणीघरापर्यंत गेलो, गावाचं पाणी माझ्या हातातून गेलं. पण कुणीतरी टाकेल त्याखाली भांडं धरून थांबायचं, हे काय असतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“घरात माहीत आहे का?” मी विचारलं.

“बहू कू मालूम है,” हलीमाबी हळूच म्हणाली. “बुड्ढे कू नै.”

परत आलो. व्हॉल उघडून पाहिला तर बैठक क्षारानं खाल्लेली. साफ करून भागणार नव्हतं, नवाच लागणार. त्या मापाचा व्हॉल लातुरात मिळेना. नांदेडच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला एसटीनं पाठवतो. अप्पांना मी समोर बसून सांगितलं, “अप्पा, व्हॉल येईपर्यंत ही नळी गळू द्या. काहीही करा, पण तिचं तोंड बंद करू नका. पाणी तापल्यावर फुगतं, त्याला बाहेर जायला जागा पाहिजे.”

“आन् थेंब?”

“थेंब जाऊ द्या.”

अप्पा हाव म्हणाले नाहीत, न्हाईही म्हणाले नाहीत.

निघताना महानंदाताई दारापर्यंत आल्या. “मागं गेला होतात ना काका?”

“गेलो होतो.”

“मग?”

“मला नळी दिसली, ताई. दुसरं काही बघितलं नाही.”

त्या हसल्या. “बघितलं तरी चालतंय. मीच गिझर जरा जास्त वेळ चालू ठेवते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं मला कढत पाण्यानं शेकून काढलं. ती पोरगी भिंतीपलीकडं कण्हायली तर न्हाणीघरात ऐकू येतंय. बादली भरून द्यावी तर अप्पा हौद मोजतेत. मग हे असं.”

मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. जास्त वेळ चालू म्हणजे थर्मोस्टॅटवर जास्त भार, आणि क्षार चढलेला थर्मोस्टॅट कधी चिकटेल आणि पाणी तापल्यावर वीज तोडायचंच सोडेल, सांगता येत नाही. म्हणून एवढंच म्हटलं, “चालू ठेवा, पण घरात असताना. आणि काही आवाज आला तर आधी मेन स्विच.”

व्हॉल यायच्या आधीच अप्पा एका सकाळी कोवळ्या उन्हात बसायला गच्चीवर गेले. कठड्यावरून खाली नजर गेली. नळी, चिंधी, डबा, आणि डबा उचलून आत नेणारी हलीमाबी. घरात कुणालाही एक शब्द न बोलता ते खाली उतरले. बाभळीची एक काटकी घेतली, विळीवर तासून बूच केलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या गल्लीत गेले. हलीमाबी तेव्हा आत होती. दगडानं बूच ठोकून ते घरी आले आणि पूजेला बसले. एक दिवसानं काय होतंय, असं त्यांना वाटलं होतं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मी गंजगोलाईत एका दुकानात होतो तेव्हा फोन वाजला. महानंदाताई होत्या. “काका, गिझर आतून कुरकुर करायलाय. तोटी जराशी सोडली तर वाफच आली.”

“तोटी बंद करा. हात लावू नका. मेन स्विच पाडा. सगळे बाहेर कट्ट्यावर या. अप्पांनाही आणा.”

“अप्पा पूजेला बसलेत.”

“उचलून आणा, ताई.”

स्कूटर काढली. वाटेत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. घरातले कट्ट्यावर येतील. पण तो गिझर ज्या भिंतीला टांगलाय, तिच्या पलीकडं पाठीला पाठ लावून पत्र्याची खोली आहे, आणि त्यात ओली बाळंतीण. टाकी फुटली तर ती भिंत त्यांच्याच अंगावर जाणार. म्हणून मी पुढच्या दाराला न जाता मागच्या गल्लीत घुसलो. नळीच्या तोंडातलं बूच दिसलं. त्याच्या कडेनं बारीक फुसफुस चालली होती. त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही, आणि लावायलाही नको होता.

“हलीमाबी, पोरीला घेऊन बाहेर या. आत्ताच्या आत्ता.”

“क्या हुआ?”

“विचारू नका. चला.”

बाळ मी घेतलं. आईला हलीमाबीनं धरलं. तिला नीट चालवत नव्हतं. कुठं न्यायचं, हा प्रश्नच पडला नाही. वळसा घालून सरळ अप्पांच्या कट्ट्यावर आणून बसवलं. दुसरी टेकायला जागा जवळ नव्हतीच.

कट्ट्यावर अप्पा कपाळाला भस्म लावलेले, उघड्या अंगावर उपरणं ओढून बसले होते. पूजेतून उठवल्याचा राग चेहऱ्यावर होता. समोर हलीमाबी येऊन बसली तसे ते दुसरीकडं बघायला लागले.

मी सगळ्यांना सांगितलं, वीज बंद आहे, आता टाकी आपोआप निवेल. निवेपर्यंत आत कुणी जायचं नाही. दुसरं काहीच करता येत नाही. लोकांना वाटतं मिस्त्री आला म्हणजे पाना घेऊन आत धावेल. अशा वेळी मिस्त्रीचं काम म्हणजे स्वतः न धावणं आणि दुसऱ्यांना धरून ठेवणं.

मग आम्ही बसून राहिलो. एका कट्ट्यावर ही माणसं कधी बसली नव्हती. महानंदाताईंनी कट्ट्यावरची सतरंजी घडी घालून बाळंतिणीच्या पाठीमागं टेकण म्हणून दिली, बाळ मांडीवर घेतलं. अप्पा मान वळवून बसलेले.

थोड्या वेळानं अप्पाच बोलले. माझ्याकडं न बघता. “फुटला असता का?”

“फुटला असता असं नाही म्हणत. फुटू शकतो. अजूनही.”

“आन् फुटला तर?”

मी मागच्या भिंतीकडं हात केला. मग या पोरीकडं.

अप्पांनी पहिल्यांदा बाळाकडं पाहिलं. कितीतरी वेळ पाहत होते. बाळ तेव्हा झोपेत तोंड हलवत होतं. त्याची आई भिंतीला टेकून डोळे मिटून होती. तिचे ओठ वाळून गेले होते. ती हलक्या आवाजात म्हणाली, “अम्मा, पानी.”

हलीमाबीनं इकडंतिकडं बघितलं. शेजारची दारं बंद. महानंदाताई उठायला लागल्या, पण मांडीवर बाळ. मी उठणार एवढ्यात अप्पा उठले होते.

“अप्पा, आत नको,” मी म्हटलं.

“माठ बैठकीत हाय. न्हाणीघर लांब हाय.”

“तरी नको.”

“बूच मी लावलंय, मिस्त्री,” अप्पा म्हणाले. “तुमी बसा.”

आणि ते गेले. मी त्यांना धरायला हवं होतं, पण धरलं नाही. ते आत होते तेवढा वेळ महानंदाताईंचा हात बाळाच्या डोक्यावर घट्ट दाबलेला मला दिसत होता. अप्पा तांब्या घेऊन बाहेर आले, वर फुलपात्र पालथं घातलेलं. पोरीच्या समोर वाकून त्यांनी पाणी ओतलं. ती प्यायली, त्यांनी परत ओतलं. ती पुरे म्हणेपर्यंत ओतत राहिले. उरलेला तांब्या तिच्याजवळ ठेवून ते आपल्या जागी येऊन बसले.

ऊन कट्ट्यावरून उतरून रस्त्यावर गेलं तेव्हा मी उठलो. गिझरच्या पत्र्याला अंग दूर ठेवून हात लावला, कोमट होता. मागच्या गल्लीत जाऊन भिंतीच्या आडोशानं बूच उपटलं. तरीही पाण्याची चिळकांडी समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. टाकी उतरवली तर तिचं बूड परातीसारखं बाहेर आलेलं. थर्मोस्टॅट चिकटलेला होताच. त्याच्यावरचा कट-आउट, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा, कुणीतरी पूर्वी जळाला म्हणून तारेनं थेट जोडून ठेवला होता. म्हणजे वाचायच्या दोन वाटा आधीच बंद होत्या, तिसरी अप्पांनी बंद केली.

नवा गिझर बसवला. पंपाचा दाब उतरवला, लाइनला दाब कमी करणारा व्हॉल टाकला, नांदेडहून आलेला सेफ्टी व्हॉल लावला. काम चोख झालं. नळीतून आता पाणी तापताना जेमतेम चार थेंब येत होते. अख्ख्या दिवसात डब्याचं बूड ओलं होईल एवढे. धंद्याच्या हिशेबानं यापेक्षा चांगली दुरुस्ती असू शकत नाही. मी गल्लीत उभा राहून ते थेंब बघत होतो आणि मला माझ्याच कामाचा आनंद होईना. जन्मभर गळती बंद करत आलो. प्रत्येक गळतीखाली कुणी उभं आहे का, ते बघायला किती वेळा गेलो असेन? अप्पांनी विचारलं म्हणून या गल्लीत तरी आलो होतो.

घरात गेलो तर अप्पा म्हणाले, “मिस्त्री, मागच्या भिंतीतून एक तोटी काढता येईल का? तिकडं.”

“येईल. पण अप्पा, रस्त्यावर तोटी दिसली की सगळी गल्ली भांडी घेऊन येईल. हौद एका दिवसात आटेल. भांडणं होतील ती वेगळीच.”

“मग कसं करावं?”

ते खरंच विचारत होते. पाइप कुठून कुठं न्यायचा एवढंच मला येतं.

“दार हाय की,” महानंदाताई म्हणाल्या.

त्यांनी एवढंच म्हटलं आणि त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडण्या कुठं पाझरत नाहीत ना, ते बघायला मी गेलो होतो. अप्पांची पूजा झाली होती, बैठकीत पेपर उघडून बसले होते. उंबऱ्यापाशी हलीमाबी येऊन थांबली. डबा हातात, पण पदराआड धरलेला. तिला आत बोलवायचं की नाही हे माझ्या हातात नव्हतं. मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

“महानंदा,” त्यांनी आत हाक मारली, “त्या आल्यात बघ. पाणी निवायच्या आत दे.”